गंज तसाच असू दे

७ सप्टेंबर, रविवार

प्रदर्शनातल्या माझ्या फोटोचं नाव ठरलं. 'झीज'. एकच शब्द. ऋतुराजने 'आभाळातून दिसलेलं माझं कोल्हापूर' असं ठेवलंय. ड्रोनवाल्यांकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच.

आयोजक क्रांतीताईंनी मला एका फोटोची जागा दिली आहे. दाराजवळ, स्विचबोर्डच्या शेजारी. बाकीच्यांना पाच-पाच, मला एकच का, हे दिवसभर डोक्यात. संध्याकाळी उलगडलं: माझा एकच पुरेल असा विश्वास असणार. ४ ऑक्टोबरपर्यंत फोटो दिला नाही तर जागा ऋतुराजला. पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझं नाव भिंतीवर लागणार. बसवत नाही. लेन्स पुसली. परत पुसली.

नियम: काही हलवायचं नाही. काही मांडायचं नाही. विचारल्याशिवाय काढायचं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

विषय सापडला! शिरोळच्या अलीकडे, बाबासो नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात. उसाचा जुना लोखंडी चरक, बैलांनी फिरवायचा. गुऱ्हाळ कधीच बंद झालंय, चरक तिथेच उभा. गंजाचे पापुद्रे, त्यावर पुराच्या गाळाची आडवी रेघ, बुडाशी शेवाळ. असलं टेक्श्चर पैसे देऊन मिळत नाही.

बाबासोंना मी आधी भंगारवाला वाटलो. "इकायचा न्हाय म्हणून कितींदा सांगायचं तुमास्नी!" फोटोचं सांगितलं तर, "कशाचा? ह्येचा?" मग आईला हाक मारली. झुंबरबाईंनी मला आणि कॅमेऱ्याला आलटून पालटून बघितलं. हा चरक त्यांच्या सासऱ्यांनी आणलेला. त्याच्यावर घर उभं राहिलं म्हणाल्या. मी सांगितलं, याचा फोटो कोल्हापुरात प्रदर्शनात लागणार. "पावणं, चा घेतल्याबिगर जायाचं न्हाय." चहा होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. सपाट उजेड. एकही फोटो काढला नाही. मोबाईलवर एखादा घ्यावा असं वाटून गेलं, पण स्वतःला आवरलं. मोबाईलवर पटापट काढायची सवय मोडायची तर पूर्ण मोडावी.

संयोगिता म्हणाली, "शिरोळपतोर जाऊन नुस्ता चा पिऊन आलासा?" बायकोला संयम दिसत नाही, पेट्रोल दिसतं.

२१ सप्टेंबर, रविवार

अंधारात निघालो. उजेड अप्रतिम. चरकावर गोधड्या.

उद्या घट बसणार, त्यामुळे काल त्यांच्याकडे घरातलं सगळं धुणं निघालं होतं. बाबासो म्हणाले, "काढू की, त्याला काय!" मी थांबवलं. काही हलवायचं नाही. गोधड्या आपोआप निघेपर्यंत थांबायचं ठरवलं. पण त्या वाळायला ऊन लागतं, आणि ऊन चढलं की मला हवा तो उजेड जातो. हा पेच मूलभूत आहे. बांधावर बसून विचार केला. पाय मुंग्यांनी खाल्ले.

निघताना बजावलं, पुढच्या वेळी फक्त गोधड्या नकोत. बाकी जसं आहे तसं. गंज तसाच असू दे. "तुमी काळजीच करू नगासा. कधी येतासा तेवढं सांगा." दसऱ्याची सुट्टी आहे, दसऱ्याला येतो म्हणालो. बाबासो एकदम खूश. "त्येच्यासारका दिवस न्हाय की!" का खूश झाले, कळलं नाही. कदाचित उजेडाची समज असावी.

२८ सप्टेंबर, रविवार

बाबासोंचा फोन. "पावणं, नक्की येतासा न्हवं? कबनूरच्या भनीला बी सांगावा धाडलाय." माझ्या कामाबद्दल खेड्यात कुतूहल निर्माण होतंय. हवामानाचं ॲप सकाळपासून सारखं उघडतोय. पाऊस नको. पण थोडा यावा. ओला गंज जास्त बोलतो.

क्रांतीताईंनी विचारलं, फोटो झाला का. झाल्यात जमा आहे, असं कळवलं. हे खोटं आहे का, यावर बराच वेळ गेला. नाही. मनात झालेला आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

स्कूटर धुतली. कॅमेऱ्याला झेंडूचं फूल, ट्रायपॉडला हळदकुंकू. संयोगिताने मिक्सर, शिलाई मशीन, विळी, सगळं घासून पुसून पूजेला मांडलं. वर्षभर कोपऱ्यात गंजत पडलेला पाना मी स्वतः रॉकेलने चकचकीत केला. हत्याराचा आजच्या दिवशी मान ठेवावाच. छान वाटलं.

उद्यासाठी मन स्वच्छ.

२ ऑक्टोबर, दसरा

निळा.

ट्रॅक्टरचा उरलेला ऑइलपेंट. दात्यांना चंदेरी. वर झेंडूचा हार, खाली रांगोळी. गाळाची रेघ गेली. शेवाळ गेलं. गंज कुठेही नाही.

गंज तसाच असू द्या म्हणालो होतो की, असं मी म्हणालो. माझा आवाज बहुतेक चढला. बाबासो म्हणाले, "आवो, ती तुमची रीत बोलायची! परदर्शनात लागनार म्हणलासा, आनि गंजका दाखवायचा व्हय? आईनं सोता घासलाय काल, खंडेनवमीला." झुंबरबाईंनी तळहात पुढे केले. सोलवटले होते. कबनूरची बहीण बायडाबाई म्हणाली, "म्हातारीनं कुनाला हात लावू दिला न्हाय."

मग फेटे बांधलेले पुरुष आणि नव्या लुगड्यातल्या झुंबरबाई चरकाभोवती उभ्या राहिल्या. मी फोटो काढला. मांडायचं नाही हा नियम मोडला नाही. ते स्वतःच मांडले गेले. 'हसा' मात्र मी म्हणालो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रजा टाकली. दिवसभर गंज शोधत हिंडलो. आमच्या सोसायटीचं गेट: दसऱ्यासाठी रंगवलेलं. शेजारच्या बाळासोंच्या ड्रेनेज पाइपचा फोटो घेत होतो, तर ते गच्चीवरून ओरडले, "गळतंय व्हय?" कॅमेरा पिशवीत घातला.

संध्याकाळी बाबासोंचे व्हॉट्सॲपवर दोन फोटो. खाली लिहिलेलं, 'आदी' आणि 'नंतर'.

'आदी' पाहून खुर्चीत बसलो. खंडेनवमीच्या सकाळचा. ओला गंज, तिरका उजेड, गाळाची रेघ, शेवाळावर दव. माझा फोटो. अगदी माझाच. फक्त मी काढलेला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

विचार केला. विषय मी शोधला. मी गेलो नसतो तर बाबासोंनी रंग दिला नसता. रंग द्यायचा नसता तर 'आदी' काढलाच नसता. म्हणजे बटण सोडून बाकी सगळं माझं. तरी प्रामाणिकपणा प्रामाणिकपणाच्या जागी. पाठवताना लिहिलं: 'छायाचित्र: बाबासो. संकल्पना आणि प्रतीक्षा: धैर्यशील.'

क्रांतीताईंचा उलट मेसेज: 'प्रतीक्षा?? फोटो मात्र जबरदस्त.' संयोगिताने विचारलं, "मग ह्यात तुमी काय केलासा?" उत्तर तयार होतंय.

दसऱ्याच्या फोटोची फ्रेम करायला टाकली. बाबासोंना उद्घाटनाला बोलावलंय, तेव्हा भेट. तेवढीच उतराई.

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्घाटन. 'झीज'समोर गर्दी. ऋतुराजसुद्धा थांबला. मी जरा बाजूला, विनम्र.

दुपारी बाबासो ट्रॅक्स गाडी भरून आले. सगळे नव्या कपड्यांत. झुंबरबाई पुढे. दाराजवळच थबकल्या.

"ह्यो कुनी लावला?" बाबासोंनी विचारलं. मी त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "रंगवाल्याला दावायला काडलेला ह्यो! माज्या नावानं माज्याच घराची आब्रू टांगलासा व्हय, पावणं?" झुंबरबाई फोटोकडून माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "सासरं असतं तर मला घरात घेतलं नसतं, असा ठेवलाय म्हणून."

मी त्यांना विचारलंच नव्हतं. एवढं सगळीकडे विचारत फिरणारा मी. फोटो मीच उतरवला. कोपर स्विचबोर्डला लागून ट्यूबलाइट दोनदा गेली-आली.

भिंत रिकामी. पिशवीत त्यांना द्यायची फ्रेम. क्रांतीताईंनी माझ्याकडे बघितलं, फ्रेमकडे बघितलं, आणि खिळ्यावर चढवली. 'झीज' या नावाखाली निळा, चंदेरी, हार घातलेला चरक आणि दात दाखवणारं अख्खं घर. नवं कार्ड लावलं: 'छायाचित्र: धैर्यशील.'

झुंबरबाईंनी पदराने काच पुसली. बाबासो म्हणाले, "आता कसं!"

संध्याकाळपर्यंत उभा राहिलो. लोक बघत आणि पुढे जात. एक गृहस्थ मात्र थांबले. चष्मा काढून जवळ गेले, मागे सरकले, परत जवळ गेले. बारकाईने पाहणारा माणूस लगेच ओळखू येतो. मी घसा साफ करून पुढे झालो.

त्यांनी विचारलं, आमच्या गेटला असाच पाहिजे, हा निळा कुठल्या दुकानात मिळाला?