धुण्याच्या वहीतल्या अकराजणी

श्रूजबरी,
९ ऑक्टोबर २००५

ती. पद्मिनीमावशीस,
स्वानंदीचा सा. न. वि. वि.

तू विचारलंस, पीएचडी सोडून आयर्लंडच्या ननांच्या मागे का लागलीस? ऐक. तिकडे क्लॉनवारा गावातली मुलींची कॅथलिक सेकंडरी स्कूल सव्वाशे वर्षांची होऊन बंद पडली. तिच्या जुन्या विद्यार्थिनी इथे इंग्लंडमध्ये, आमच्या आसपास सेटल झाल्यात. त्यांच्या कमिटीला शाळेचा इतिहास हवाय. माझ्या प्रोफेसरांनी मला पुढे केलं. कव्हरवर माझं नाव, मावशी! आईने अख्ख्या नागपूरला सांगूनही टाकलंय.

कागदांची खोकी उघडली तर काय, ननांनाही हुंडा! हुंडा आणणाऱ्या शिकवायच्या. न आणणाऱ्यांना जन्मभर पांढरा ॲप्रन, स्वयंपाक, धुणी. प्रार्थनेलासुद्धा मागे बसायचं. १९१२च्या फोटोत मागच्या रांगेत अशा अकराजणी आहेत, पण फोटोमागे नावं फक्त टीचर्सची. बाकीची मला कुठे सापडली असतील? धुण्याच्या वहीत. सिस्टर मार्था, मोजे दोन. सिस्टर बेनिग्ना, झगा एक. मी त्यांच्यावर अख्खा चॅप्टर लिहिला.

कमिटीच्या मिसेस ड्रिस्कॉल मला दर वेळी सोडा ब्रेड खाऊ घालतात. त्यांनी तो वाचला आणि गोडीत म्हणाल्या की पुस्तक आनंदाचं आहे, हे कॅन्सल कर. नाहीतर दुसरं कुणी पूर्ण करेल. काय करू?

लोभ आहेच, ओरडा बेताचा असावा.
तुझी,
स्वानंदी


नागपूर,
२८ ऑक्टोबर २००५

चि. स्वानंदीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

चॅप्टर काढून टाक. आधी कव्हरवर नाव येऊ दे, मग हवी तेवढी डरकाळी फोड. चौतीस वर्षं शाळेत काढलेली, त्यातली बारा हेडमिस्ट्रेस म्हणून, बाई सांगतेय.

मीही तेच केलं होतं. ८५ साली आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची संपादक मी. अध्यक्षांना दोन पानी फोटो हवा होता, दिला. जागा संपली, काही नावं गळली. आमचा शिपाई एकनाथ एकतीस वर्षं घंटा द्यायचा. त्याने एक प्रत मागितली. माझ्यासमोर उभा राहून, बोटाला थुंकी लावत एकेक पान उलटलं, अगदी मागच्या जाहिरातींपर्यंत. मग छान झालंय म्हणाला आणि मधल्या सुट्टीची घंटा द्यायला गेला.

असो. मी सांगितलं तेच कर. थंडी वाढली असेल, स्वेटर घालत जा.

तुझी,
मावशी


श्रूजबरी,
२० नोव्हेंबर २००५

ती. मावशीस, सा. न.

सल्ला एक दिलास, गोष्ट भलतीच सांगितलीस. मी गोष्ट ऐकली.

मिसेस ड्रिस्कॉलना जाऊन सांगितलं, की काहीतरी काढायचंच असेल तर माझं नाव काढा. चॅप्टर छापला नाहीत, तर त्या अकरा नावांच्या झेरॉक्स घेऊन तुमच्या प्रकाशनाच्या डिनरच्या दारात उभी राहीन. बाई लालबुंद! म्हणाल्या, मग तुझं नाव कुठेच येणार नाही, आभारांतसुद्धा नाही. मी चालेल म्हटलं आणि ब्रेडचा दुसरा तुकडा उचलला.

आईला तूच सांग. माझी तेवढी हिंमत नाही.

तुझीच, बिननावाची


नागपूर,
१२ मार्च २००६

चि. स्वानंदीस,
उत्तम आशीर्वाद. धपाटा परत घेतला.

पुस्तक मिळालं. अकराही नावं मोठ्याने वाचली. तुझी आई दोन दिवस फुरंगटून बसली होती, आता तीच शेजारणींना ते पान उघडून दाखवतेय.

काल शाळेत गेले. त्याआधी एकनाथच्या मुलीकडे, संध्याकडे गेले, कारण मला त्याचं आडनावच माहीत नव्हतं. एकतीस वर्षं, बघ. मग लायब्ररीतली स्मरणिका काढून घेतली आणि अध्यक्षांच्या फोटोच्या वर, शाईच्या पेनाने, ठसठशीत लिहिलं: एकनाथ बोरकर, घंटा, १९५४ ते १९८५.

लायब्रेरियन धावत आली. पुस्तकात लिहिता येत नाही म्हणाली. मी तिला सांगितलं, संपादक मीच आहे, आणि काम एकवीस वर्षं लेट झालंय.

लोभ वाढवायची गरज नाही, आहे तोच दोघींना भरपूर आहे.

तुझी,
पद्मिनीमावशी