झावळी कोणाच्या घरी होती

प्रिय दादा,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आपल्या चार दिवसांच्या बाजार-आठवड्यातल्या ओर्येच्या दिवशी तुमच्या गिरणीचा ट्रक गावात आला. बाबांनी पामचे घड अख्खेच विकले.
२. घडांबरोबर बियाही गेल्या. त्या आईला परत मिळाल्या नाहीत, शेजारणींनाही नाहीत.
३. दुसऱ्या दिवशी, आफोला, बायकांना सभेला बोलावणारी पामची कोवळी झावळी घरोघर फिरली.
४. न्क्वोला सकाळी, सभेआधीच, कोर्टाचे शिपाई आईला घेऊन गेले. ती अजून कोठडीत आहे.

तेल पुरुषाचं, बिया बाईच्या, हे तुला सांगायला नको. त्या फोडून निघालेला गर विकूनच आईनं तुझी शाळा केली आणि माझं सुईणीचं शिक्षण. बाबा म्हणतात, ‘ट्रकवाल्यानं भाव दिला, मी घेतला. त्यात तिला काय विचारायचं?’ सध्या ते स्वतःच कंद भाजून खातात. एकाही घरून ताट येत नाही.

शिपायांनी गावात कोणाला काही विचारलं नाही. सरळ आपल्या अंगणात आले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, ‘झावळी हिच्याकडे होती, हीच पुढारीण.’ म्गबाफोआजी तिथेच हसली. ‘अरे लेकरा, काल सकाळी ती माझ्याकडे होती. मला नाही नेत? का म्हातारीला खायला घालावं लागेल म्हणून भ्यालास?’ त्याला काही कळलं नाही. झावळी जिच्या हाती येते तिने ती पुढच्या दारात द्यायची असते, एवढंच. हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. झावळीला सरदाराच्या अधिकाराची काठी समजून शिपायांना सांगणारा पुरुषच असणार, आणि त्याने ती आपल्या घरात पाहिली असणार.

दवाखान्यात आम्हाला शिकवतात, आधी लक्षणं, मग निदान. म्हणून मी अजून गप्प आहे. आईने पाणी आणून होईपर्यंत झावळी कोठारात टोपलीमागे ठेवली होती. बाबा मळ्यात होते, मी कामावर. आफोच्या त्याच दुपारी तू येऊन गेलास. आईला न भेटता सुके मासे ठेवून गेलास. ते कोठारात टांगलेले सापडले. तू कोठारात गेला होतास, इतकंच मी म्हणते.

तुला गिरणीत मुकादम केल्याचं काल कळलं. अभिनंदन. हे आधी ठरलं होतं की नंतर, मला माहीत नाही.

आता पत्राचं कारण. ज्याने सांगितलं त्याच्या दारात बायका मुसळं घेऊन बसणार आहेत. त्याच्या नावाची गाणी म्हणतील, भिंती बडवतील, छप्पर उतरवतील. आजी म्हणते, ‘पत्र्याचं असलं तर जेवूनच निघू, वेळ लागतो.’ पत्र्याचं छप्पर आपल्या भागात तुझंच आहे. ती मुद्दाम बोलली का, सांगता येत नाही. आईच्या जागी आता घरातली बाई मी, म्हणून नाव मी घ्यायचं असं ठरलंय. मी घेतलं की कोणी पुन्हा चौकशी करणार नाही, आणि तुला गावात तोंड दाखवता येणार नाही. चुकीच्या माणसाचं नाव मला घ्यायचं नाही. सांगितलं नसशील तर कोठारात कशाला गेलास ते लिही. सांगितलं असशील तर आधी साहेबाकडे जा, आईला सोडवून आण, आणि मग तसं लिही. न्क्वोच्या दुसऱ्या दिवशी, एकेला, बायका मला विचारणार आहेत. तुझं उत्तर येत्या न्क्वोच्या बाजारापर्यंत माझ्या हाती पाहिजे.

अजून तरी तुझीच बहीण,
उझोअमाका