फळ्यावरचा कौल

रविवार, १४ मार्च

प्रिय ठेंगणे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या वहिनीचा खोकला गेला. माझा बोलघेवडेपणा आहे तसाच आहे. तू कुणाचाच फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती पाठवतो आहे.

तू उभी होतीस त्या परिचारिका संघटनेच्या निवडणुकीआधी तुझ्या वॉर्डातल्या मैत्रिणींच्या इंग्रजी वर्गात मी मतदानाचा पाठ घेतला होता. फार सुंदर पाठ आहे तो! इंग्रजीत मत नुसते देत नाहीत, 'कास्ट अ व्होट' म्हणतात. जनमत चाचणी घेणे म्हणजे 'कंडक्ट अ पोल'. ज्याचे मन अजून ठरलेले नाही, तो 'अनडिसायडेड व्होटर'. दोन उमेदवार शर्यतीतल्या घोड्यांसारखे मानेला मान लावून धावत असले, की ते 'नेक अँड नेक'. हे शब्द जोडीनेच पाठ करायचे असतात, सुटे केले की बिघडतात.

तू म्हणशील, "दादा, मुद्द्यावर ये." येतो.

नमुन्याचे वाक्य मी फळ्यावर लिहिले: 'आय अ‍ॅम गोइंग टु कास्ट माय व्होट फॉर', आणि पुढे तुझे नाव. प्रत्येकीने उभे राहून ते म्हटले. उच्चार इतके स्वच्छ आले, की मी हरखून गेलो. त्याच भरात तुला फोन केला, "मी चाचणी घेतली. अख्खा वर्ग तुझ्या बाजूने आहे. आता पायपीट पुरे." आणि तू इतर वॉर्डांत प्रचाराला जाणे थांबवलेस.

काल तुमच्या मोठ्या सिस्टर वहिनीला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "तुमची नणंद आम्हाला तोंडावर खोटारड्या म्हणाली. बदलीचा अर्जही केलाय. अहो, आम्ही तिला शब्द दिला होता कधी?"

वहिनीने घरी येऊन मला विचारले, "तुम्ही त्यांना नेमकं विचारलंत तरी काय?"

काहीच नाही. मी फक्त म्हणवून घेतले होते.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. हरल्यावर तू माझ्याकडे येऊन रडलीस, "तुझ्या तोंडावर हो म्हणाल्या रे, आणि ऐन वेळी फिरल्या!" माझी चूक मला त्याच क्षणी कळली होती. तरी मी तुला पाणी दिले आणि म्हणालो, "लोक असेच असतात." तुझ्या मैत्रिणींवर आळ गेला आणि मी तो जाऊ दिला.

बदलीच्या अर्जावर उद्या दुपारी सही होणार, असे सिस्टर म्हणाल्या. तो मागे घे. उद्या सकाळच्या वर्गात मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, मराठीत. पण त्याआधी तुला कळायला हवे. त्यांच्याशी बोल. माझ्याशी बोलायचे की नाही, ते तू ठरव.

तुला त्यांच्यापैकी कुणीही फसवलेले नाही. फसवले ते

तुझ्या दादाने