हवालदाराची वाकळ

बेलवाडी, ता. कराड
८ नोव्हेंबर १९७५

तीर्थस्वरूप राहीअक्का हिस धाकटा भाऊ जोतीराम याचा शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व ठीक. ऊस जोमात आहे, म्हैस आटली आहे, आणि माझा गुडघा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. तुझं कार्ड मिळालं. त्यात हौसाबद्दल तू नऊ ओळी लिहिल्या होत्यास, त्या मी वाचल्या नाहीत. तिला पुढल्या महिन्यात सातवा लागतो हे लक्षात आलं, ते केवळ कार्ड लहान असल्यामुळे.

पत्र लिहिण्यास कारण की, पलटणीतले माझे तीन फ्लॅनेलचे सदरे ट्रंकेत पडून आहेत. कसर लागण्याआधी त्यांची एखादी वाकळ शिवावी म्हणतो. कशी शिवतात ते सविस्तर कळव. मोठी नको. दोन हात लांब, दीड हात रुंद पुरे. थंडीत गुडघ्यावर घ्यायला बरी. इथल्या बायकांना विचारलं असतं, पण सकाळी विचारलेलं दुपारी गावभर होतं, आणि पेन्शनीतल्या हवालदाराने सुई कशाला धरली याची चौकशी करायला शेजारचा लालासाहेब खुर्ची घेऊन येऊन बसेल.

बनाबाई असती तर तुला त्रास देण्याची वेळ आली नसती. ती जाऊन सहा वर्षं होतील. तिची सुयांची डबी जिथल्या तिथे आहे.

बाकी लिहिण्यासारखं नाही. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुझा,
जोतीराम

*

गावभाग, सांगली
१५ नोव्हेंबर १९७५

चि. जोतीरामास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोन हात बाय दीड हाताचा गुडघा मी या वयापर्यंत पाहिला नाही. आमच्या मास्तरांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं ते बरं झालं, नाहीतर असलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं आणि वाचणारा हसला असता.

आता नीट ऐक. तान्ह्या गुडघ्याला नवं कापड लावत नाहीत, तेव्हा जुने सदरे काढलेस ते योग्यच. आधी रिठ्याच्या पाण्यात उकळून घे. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास गेला पाहिजे. कॉलर, खिसे, बटणं काढून टाक. मग तुकडे कापून जोड, आत मऊ धोतराचा थर घाल, आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत ये. टाके लहान घाल. अंगठ्याला चिंधी बांध.

आता मी माझ्या मनातलं लिहिते, ते कार्ड लहान नाही तरी वाच. दोन वर्षं झाली. तू तुझ्या पलटणीतल्या दोस्ताच्या पोराला शब्द दिला होतास आणि तुझ्या पोरीने, हौसाने, माझ्याकडे राहून, शिवणक्लासला जाऊन, तिथल्या अर्जुनाशी लग्न ठरवलं. पोरगा आपल्यातला, निर्व्यसनी, बसस्टँडजवळ स्वतःचं शिवणाचं दुकान. लग्न मी लावून दिलं, तो दोष माझा. पण तू तिच्या दारात उभा राहून म्हणालास की सुईदोऱ्यावर पोट भरणाऱ्याच्या घरी जातीस तर ह्या उंबऱ्याला माझा पाय लागणार न्हाई. ते तिने ऐकलं, त्याने ऐकलं, आणि दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या दोघींनीही ऐकलं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यासाठी माहेरचा मुराळी न्यायला यावा लागतो, आपण होऊन पोरीने जायचं नसतं. तिला भाऊ नाही. आई नाही. मुराळी म्हणून जगात तूच एक शिल्लक आहेस. ती तोंडाने काही बोलत नाही, पण रस्त्यावर कुणी फेटेवाला दिसला की शिलाई सोडून उठते. आठव्यात वेस ओलांडत नाहीत हे तुला ठाऊक आहे. सातवा संपायच्या आत ये.

माझी माया काही आटलेली नाही. तुझ्या म्हशीसारखं माझं नसतं.

तुझी अक्का

*

बेलवाडी
७ डिसेंबर १९७५

ती. राहीअक्कास शि. सा. न. वि. वि.

वाकळ पुरी झाली. सोबत एस.टी.च्या पार्सलने तुझ्याकडे पाठवत आहे. माझ्या गुडघ्याला लहान पडली. तुझ्या ओळखीत कुणाला उपयोग होत असेल तर द्यावी. नाव सांगू नये.

कामाचा तपशील असा. फूटपट्टीने सहा-सहा इंचांचे चौकोन आखले. तीन सदऱ्यांतून एकूण तीस निघाले, पाच कॉलरजवळ मळकट होते ते नापास केले. ट्रंकेच्या तळाशी बनाबाईने जपून ठेवलेलं एक फ्लॅनेलचं झबलं सापडलं, गुलाबी, कोपरावर दुधाचा डाग. ते कुणाचं ते तुला माहीत आहे. त्यातून पाच निघाले. त्यांची जागा मी मधोमध ठेवली. कापताना कात्री दोन वेळा खाली ठेवली, कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

एक गोष्ट तुला वेगळी दिसेल. ती चूक नाही, विचारपूर्वक केलेली आहे. रूट मार्चला पंचवीस-पंचवीस मैल चालायचं असलं की आम्ही मोजे उलटे घालायचो. शिवण बाहेरच्या अंगाला राहते, कातडीला घासत नाही, फोड येत नाही. मोठ्या माणसाच्या टाचेचं हे, मग सात दिवसांच्या पाठीचं काय होईल? म्हणून सगळ्या शिवणी मी वरच्या अंगाला काढल्या आहेत. खालचं अंग बिनशिवणीचं, गुळगुळीत. अंगाला ते लावावं.

मात्र शिवून झाल्यावर ती पुन्हा रिठ्यात धुतली, आणि वरच्या कडांना सगळीकडून दशा सुटल्या. प्रत्येक चौकोनाला चारी बाजूंनी झिपऱ्या. लालासाहेब बघून म्हणाला की हवालदार, ही वाकळ हाय का पिसं झडल्याली कोंबडी. मी त्याला चहा दिला नाही. पण रात्री विचार केला तेव्हा त्याचं म्हणणं खरं वाटलं. दशा कापायला बसलो तर शिवण उसवायला लागली, म्हणून सोडून दिलं. आता आहे ती अशी आहे. एकवीस दिवस लागले. डाव्या हाताची तीन बोटं कामातून गेली आहेत.

मुराळ्याबद्दल तू लिहिलंस. अक्का, माणसाने बोलावं आणि मग बोललेलं गिळावं, हे मला पलटणीत कुणी शिकवलं नाही. आणि मी गेलो आणि ती आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही तर? त्या उंबऱ्यापाशी मी पुन्हा उभा राहायचा कसा? त्याची मला भीती वाटते. एवढं तुला लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगू नये.

लोभाचं तू बघ.

जोतीराम

*

सांगली
२० डिसेंबर १९७५

चि. जोतीरामास आशीर्वाद.

पार्सल आठ दिवसांपूर्वी मिळालं. माझ्या ओळखीत असं एकच घर असल्यामुळे मी ते तिथे नेऊन दिलं. नाव सांगितलं नाही. सांगण्याची गरजही पडली नाही, तिसऱ्या चौकोनावर तुझ्या नंबरचा शिक्का तसाच आहे.

तिथे काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. अर्जुना गिऱ्हाइकाची पँट बाजूला ठेवून आला. हात पुसले. वाकळ उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, आणि गोंधळला, कारण उलटी कुठली नि सुलटी कुठली ते त्याला ठरवता येईना. बारा वर्षांचा अनुभव असलेला माणूस. मग हळूच म्हणाला की अक्का, मामांस्नी वाईट वाटणार नसंल तर ही उसवून मशिनीवर अर्ध्या घंट्यात सरळ करून देतो. त्याच्या बोलण्यात टवाळी नव्हती. त्याच्याइतकं सभ्य शिवणकाम आणि सभ्य बोलणं या रस्त्यावर दुसऱ्याचं नाही.

हौसाने ती त्याच्या हातातून काढून घेतली. मधले गुलाबी चौकोन बघितले. हसली नाही, रडली नाही, घडी घातली आणि फळीवर ठेवून दिली. मग मला विचारलं की चहात साखर किती घालू. सत्तावन्न वर्षं मी बायकांची तोंडं वाचत आले, पण त्या दिवशी मला त्या पोरीच्या तोंडावरचं काही वाचता आलं नाही.

तेव्हा जोतीराम, कापडाने हे भागायचं नाही. सातव्याचे पंधरा दिवस उरलेत. ती बाहेर येणार नाही अशी भीती असेल तर मी तिला खुर्चीला बांधून बाहेर आणून ठेवते. पण तू ये.

येशील तर माझी माया आहे, नाही आलास तरी आहे, पण मग ती बोलून दाखवणार नाही.

अक्का

*

बेलवाडी
२ जानेवारी १९७६

ती. अक्कास नमस्कार वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण येण्याचं मनाशी ठरत आलं होतं. फेटा धुवायला टाकला होता. आज कराड स्टँडवरून निरोप आला की पार्सल आहे. सोडवून आणलं. वाकळ आहे. घडी घालून, वर धडपा बांधून, हौसाच्या अक्षरात माझं नाव. आत चिठ्ठी नाही. मी झटकून बघितली, दोनदा.

समजलो. तिचं काही चुकलं नाही. मी तिला दारात बोललो, तिने पार्सलने उत्तर दिलं. त्यातल्या त्यात तिचीच वागणूक बरी. आता तू मध्ये पडून तिला रागावू नकोस. बाळंतपण तुझ्याकडे होऊ दे. डिंक आणि खोबरं मी कुणाबरोबर तरी पाठवून देईन, ते तुझंच आहे म्हणून सांग.

लालासाहेब आला होता. वाकळ बघून या खेपेला चहा न मागताच उठला. मी जेवलो नाही, तर भाकरी घेऊन पुन्हा आला. अक्का, मला फार वाईट वाटतं आहे. ते कसं लिहितात ते मला येत नाही, म्हणून इथेच थांबतो.

जोतीराम

*

सांगली
२९ डिसेंबर १९७५

तीर्थरूप आबांस हौसाचा शि. सा. नमस्कार.

आज एस.टी.ने पार्सल पाठवलं आहे. पार्सलात पत्र घालायचं नसतं असं तिथला कारकून म्हणाला, म्हणून हे वेगळं टपालात टाकते. दोन्ही बरोबरच पोचतील.

वाकळ परत का, तर ती इथे ठेवून काय करू? बाळ तिथे होणार. मला आता पिशवीसुद्धा उचलवत नाही, म्हणून जड होतं ते पुढे पाठवलं. माजघरातल्या बाजेवर वाऱ्याच्या आडोशाला घालून ठेवा. गुळगुळीत अंग वर. ते मला अक्काआत्यांनी सांगण्याआधीच कळलं होतं. लहानपणी शाळेत जाताना तुम्ही माझा परकर उलटा करून शिवण तपासायचात, ते मी विसरले नाही. हे उसवून सरळ करूया म्हणत होते. मी त्यांना सांगितलं की ह्याला हात लावायचा न्हाई, हे आमच्या आबांचं हाय.

दोन वर्षं मी तुमची वाट बघितली. राग होता. अजून थोडा आहे, तो आल्यावर सांगेन. तुम्ही मुराळी म्हणून आला नाहीत. पण आईच्या ट्रंकेतलं माझं झबलं कापून तुम्ही बोटं टोचून घेत बसलात, तेव्हा मी ठरवलं की ती वाकळच मुराळी म्हणून आली. आता मुराळी पुढे गेला, मागून मी येते. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

येत्या रविवारी, चार तारखेला, सकाळच्या गाडीने निघते. कराडपर्यंत हे सोडायला येतील. पुढे यायचं नाही म्हणतात, तुम्हाला अवघड वाटेल म्हणून. स्टँडवर गाडी आणा. नाही आलात तर मी तिथे बाकावर बसून राहीन, कारण मला चालवत नाही.

तुमच्या लोभावर माझा हक्क आहे, तो मी मागत नाही, वसूल करायला येते.

तुमची,
हौसा

*

कराड स्टँड
३ जानेवारी १९७६, शनिवार

चि. हौसास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज अकराला पोचलं. पार्सल काल पोचलं होतं. मधला एक दिवस मी तुला कधीतरी सांगेन. सव्वाअकराला मी घरातून निघालो. तुझ्या आईच्या माजघरात बाज घातली आहे, लालासाहेबाची बायको सारवून ठेवते आहे. सांगलीची गाडी लागायला अजून वीस मिनिटं आहेत, म्हणून स्टँडवरच हे कार्ड लिहितो. पत्राला उत्तर द्यावं ही रीत आहे.

आज संध्याकाळी मी तुझ्या दारात असेन. उद्या आपण दोघं इकडे येऊ. हे कार्ड तिथे सोमवारी पोचेल, तेव्हा तू तिथे नसशील. म्हणून इथून पुढचं अर्जुनरावांनी वाचावं.

अर्जुनराव यांस सप्रेम नमस्कार. मी तुमच्या घरी येऊन गेलेला असेन. चहा घेतला असेल, गाड्यांच्या वेळा विचारल्या असतील, पाऊसपाण्याचं बोललो असेन. जे बोलायला आलो होतो ते तोंडातून निघालं नसणार, माझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून ते आधीच लिहून टपालात टाकतो. तुमच्या दारात मी जे बोललो ते चुकलं. तुम्ही कराडला थांबू नका, पोरीला भेटायला घरापर्यंत येत जा.

लोभ असावा, असं तुम्हाला म्हणण्याचा हक्क मी ठेवला नाही. तरी असावा.

तुमचा सासरा,
जोतीराम