मागच्या दाराचं कुलूप

प्रिय धाकट्या,

परवा तू कारखान्यात तपासणीला आलास, गळ्यात आमचे कपडे घेणाऱ्या परदेशी कंपनीचं ओळखपत्र, हातात फॉर्म. माझ्या मशीनपाशी थांबलास आणि सख्ख्या बहिणीला विचारलंस, आपण इथे किती वर्षं काम करता? आपण! अरे, तुझं शेंबडं नाक पुसलंय मी. नातं कळलं तर तुझं काम जाईल, म्हणून मीही अनोळखी झाले. पण संताप अजून उतरलेला नाही.

सुपरवायझर तुझ्या मागेच उभा होता. आठवडाभर त्यानेच आमच्याकडून उत्तरं घोटून घेतली होती. पाणी प्यायला उठू देतात? हो. जादा काम सक्तीचं? छे. मागचं दार उघडं असतं? नेहमी. मी पोपटासारखी बोलले आणि तू मान खाली घालून फॉर्मवर खुणा करत गेलास. गेल्या वर्षी वायरी पेटल्या तेव्हा त्या बंद दाराशी आम्ही कशा चेंगरलो, हे मी तुझ्याच घरी बसून सांगितलं होतं. माझा खांदा तुझ्या बायकोने शेकला होता. परवा तुझी गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत कुलूप परत लागलं. कपडे चोरीला जातात म्हणे! बायका जळाल्या तरी चालतील, टी-शर्ट जाता कामा नये.

तुझी बायको म्हणते, असले स्वस्त कपडे आम्ही आता घेतच नाही. मनाने चांगली आहे बिचारी, पण तिला सांग, तुम्ही घेणं सोडलंत तर आम्ही घरी बसू आणि मालक दुसरीकडे शेड टाकेल, कुलपासकट. घ्या की खुशाल. फक्त खोटं उत्तर मिळालं की मूग गिळून बसू नका.

तुझा अहवाल सोमवारी जाणार, असं सुपरवायझर हसत सांगत होता. म्हणून हे पत्र. माझी उत्तरं मी मागे घेते. तिन्ही खोटी होती. सोबतच्या कागदावर अठरा जणींच्या सह्या आहेत, पहिली माझी. खरं लिहिलंस तर माझी नोकरी जाईल, कदाचित तुझीही. तरी लिही. नाही लिहिलंस, तर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही अठरा जणी ते कुलूप फोडणार आहोत. मालकाने पोलीस बोलावले तर तूही ये. तुझ्या अहवालात त्या दाराला कुलूपच नाही. मग आम्ही फोडलं काय, ते तूच त्यांना सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई