गोटीरामचे पथ्य

॥ श्री ॥
अकोला, ८ फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप दादास,
रविकांतचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व ठीक. कोर्टाची कामे बरी चालली आहेत. तुझी वार्षिक परीक्षा तोंडावर आली असेल आणि अमरावतीच्या पोरांना नापास करण्याची तयारी जोरात असेल.

आईच्या गोटीरामने यंदा चंगळ केली. ती होती तोवर बिचारे कासव अंगणातल्या हरळीवर दिवस काढीत होते. आता कुंदा शाळेतून आली की त्याला संत्र्याच्या फोडी देते, अनसूया सकाळी अर्धे केळे. फळ दिसले की पाठीवरच्या चांदण्यांसकट असा धावत येतो की बघत राहावे. मात्र चार दिवसांपासून त्याचे पोट वाहते आहे. डोळे मिटून कुंडीमागे बसून असतो. अशक्त झाला म्हणून कुंदाने काल दोन फोडी जास्तच दिल्या. तू शास्त्राचा मास्तर, काही औषध असेल तर कळव.

सौ. वहिनींस नमस्कार. आमच्यावरचा तुझा लोभ असाच राहू दे.

तुझा,
रविकांत


॥ श्री ॥
अमरावती, ११ फेब्रुवारी १९६१

चि. रविकांत यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून संताप आला. तो उतरेपर्यंत थांबावे एवढा वेळ त्या जिवाजवळ नाही, म्हणून तसाच लिहितो.

पत्र हाती पडताच संत्रे बंद, केळे बंद. गोटीराम कोरड्या रानातला प्राणी आहे. त्याचे आतडे गवत आणि पाला पचवायला केलेले. गोड फळ पोटात आंबते आणि मग पोट वाहते. आंबट तर त्याला मुळीच चालत नाही. फक्त हरळी, जास्वंदीची पाने आणि काटे काढलेले निवडुंगाचे पान द्या. रोज सकाळी पसरट भांड्यात हनुवटीखाली राहील इतके कोमट पाणी घालून पाव तास बसवा. मग पुसून उन्हात सोडा, पण जवळ सावली हवी. गुरांच्या डॉक्टरला दाखवा. बरा झालाच तर महिन्यातून एकदा पपईचा नखाएवढा तुकडा, बी काढून. त्याहून जास्त नाही.

तो मागतो म्हणून दिले, असे तू म्हणशील. आईही मागत होती. जूनमध्ये ती गेल्यावर मी पोहोचलो, तेव्हा तिच्या खाटेखालच्या वाटीत आंब्याची कोय होती, चोखून पांढरी झालेली. मधुमेहाच्या बाईला तुम्ही आंबा दिलात. आठ महिने मी बोललो नाही, आज बोलतो. तुमच्या घरात प्रेम करायचे म्हणजे तोंडात गोड कोंबायचे, मग खाणारा जगो की मरो.

आशीर्वाद आहेत, ते मोठा आहे म्हणून.

कमलाकांत


अकोला, १४ फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप दादांस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. मी वकील आहे, आरोप कसा वाचावा हे मला समजते. आईला आम्ही मारले असे आपले म्हणणे आहे. त्यावर मला काही लिहायचे नाही.

कासव प्रवासाजोगे झाले की टोपलीत घालून माणसाबरोबर आपल्याकडे पाठवतो. आईचे वर्षश्राद्ध आपण अमरावतीस करावे. मी इथे करीन.

रविकांत


॥ श्री ॥
अकोला, १८ फेब्रुवारी १९६१

ती. मोठ्या भाऊजींस अनसूयाचा सा. नमस्कार वि. वि.

यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. तुमचं पत्र मात्र मी वाचलं. बारा वर्षांत तुमच्यापुढे मी कधी वर तोंड करून बोलले नाही. आज लिहिते आहे.

आधी गोटीरामचं. तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी तानुबाई पहिल्यापासून म्हणत होती की बाई, ह्याले संत्रं कावून देता, ह्याचं पोट गवताचं हाय. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. आता पोट थांबलं आहे आणि आज सकाळी डोळे उघडून त्याने जास्वंदीचं एक पान कुरतडलं. कुंदा मात्र रडून अर्धी झाली.

आता आईंचं. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं गेली आहेत, फार तर दीड महिना, आता पथ्याने काही होणार नाही, मागतील ते द्या. हे तुम्हाला तार करायला निघाले होते. आईंनीच अडवलं. म्हणाल्या, कमळ्याले कळवू नका, तो येईन अन् माह्या घशात कारल्याचा रस ओतत बसन, मले आता सुखानं जाऊ द्या. यांना त्यांनी शपथ घातली. ती शपथ पाळून हे आजही गप्प आहेत आणि त्यांच्यावरच तुम्ही असा आळ घेता. मला कुणी शपथ घातली नव्हती, म्हणून मी सांगते.

तुम्ही पोस्टकार्डं पाठवत होता. भाकरी दीड, भात नाही, आंबा नाही. दोन वर्षांत दोनदा आलात आणि दोन्ही वेळा संध्याकाळी परत गेलात. आईंच्या पायाची जखम रोज मी धुतली. शेवटच्या आठवड्यात त्यांनी आंबा मागितला, मी दिला. खाऊन झाल्यावर अर्धा तास ती कोय त्यांनी हातातून सोडली नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देईन. कासवाचं माझं चुकलं, आईंचं चुकलं नाही. दोन्ही एकात घालू नका.

जास्त लिहिलं असेल तर रागवा. पण लोभ ठेवायचा की नाही, ते सगळं कळल्यावर ठरवा.

अनसूया


॥ श्री ॥
अमरावती, २१ फेब्रुवारी १९६१

चि. सौ. अनसूया हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र चार वेळा वाचले. आईबद्दल तुम्हा दोघांना जे लिहिले ते मी परत घेतो. रविकांतला वेगळे पत्र लिहायला बसलो होतो, पण मायन्याच्या पुढे गेलो नाही. हेच त्याला वाचून दाखव.

पण माझा राग गेलेला नाही. तुम्हाला दीड महिना माहीत होते आणि मी इथे नववीचे पेपर तपासत होतो. आई नको म्हणाली, म्हणून तुम्ही ऐकलेत. मी आलो असतो तर कारल्याचा रस ओतला असता, हे तिचे खरे आहे. मला दुसरे काही येत नाही. पण दोन दिवस ओतून तिसऱ्या दिवशी तरी थांबलो असतो आणि नुसता तिच्याजवळ बसलो असतो. तेवढेही मला मिळाले नाही. याचा राग आईवर काढता येत नाही, म्हणून तुमच्यावर काढतो आहे आणि अजून काही दिवस काढीन.

शनिवारी शाळा सुटली की निघतो. चार दिवसांची रजा टाकली आहे. रविकांतला माझ्याशी भांडायचे असेल तर समोर बसून भांडू दे, पत्रातून आपणबिपण लिहू नये. श्राद्ध एकच होईल, तुमच्याकडे. कासव पाठवू नका.

कुंदाला जवळ घेऊन सांग, तिची चूक नव्हती. तिला कोणी काही सांगितलेच नव्हते. मलाही नाही.

कमलाकांत