अकरावं प्रकरण

मोमिनाबाद, गुरुवार संध्याकाळ

आज ताईच्या घरी जाऊन तिला माझ्या कादंबरीचं अकरावं प्रकरण वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही, आणि तपशील बरोबर आहे का, एवढंच मला तपासायचं होतं. दुष्काळात तिला जुळ्या मुली झाल्या. दूध एकीलाच पुरणारं होतं. तिने रोझाला पाजलं, दुसरीला पाजलं नाही. हे तिने फक्त मला सांगितलं होतं.

ताई भाकरी थापत होती. ऐकता ऐकता हात थांबले, पीठ तसंच बोटांना.

"पीटर, हे छापू नको. रोझाला आता वाचाया येतंय."

"नाव बदललंय, ताई."

"नावानं काय हुतंय? जुळी हुती, तिला माहीत हाय. दुसरी कशी गेली ते न्हाई."

म्हटलं, फाडतो. त्याच पिठाच्या हातांनी तिने माझे पाय धरले. थोरली बहीण, आणि माझे पाय! हस्तलिखित तर सोमवारीच पुण्याच्या छापखान्याकडे गेलं; हातात होती ती नुसती नक्कल. मग खोटं का बोललो? दया आली म्हणून? छे. शनिवारी फादर चर्चमध्ये मिस्साला आले की या खोट्याची कबुली देईन. प्रकरणाची देणार नाही. माझ्या हातून इतकं चांगलं काही उतरलेलं नाही.

पुस्तक ईस्टरपर्यंत येईल. पुढच्या कादंबरीचा विषयही आजच ठरला: जगलेली मुलगी. पण रोझा आईला काय विचारेल, हे मला मनाने रचता येत नाही. म्हणून पहिली प्रत तिलाच द्यायची, आणि ती वाचून होईपर्यंत तिथून हलायचं नाही.